नशा सुटल्यावर शरीराकडे कसं बघायचं

दारू किंवा इतर कुठलाही अंमली पदार्थ सोडल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते: "घेत होतो तेव्हा बरा होतो." त्यात तथ्य आहे. किडलेली दाढ, जळजळणारं पोट, आखडलेली पाठ, वर्षानुवर्षं न झालेली झोप, हे सगळं नशेखाली दबलेलं असतं. नशा गेली की या सगळ्या दुखण्यांना एकदम तोंड फुटतं. अडचण अशी, की या प्रत्येक दुखण्यावर माणसाला एकच औषध पाठ असतं. भूक लागली तरी तलफ वाटते, झोप आली तरी तलफ, दाढ ठणकली तरी तलफ. म्हणून कुठली तक्रार कशामुळे येते, किती दिवस टिकते आणि तिचं काय करायचं, हे माहीत असणं हाही उपचाराचाच भाग आहे.

आधी सोडतानाचा धोका

"मनाशी ठरवलं आणि एका झटक्यात सोडली" याचं कौतुक होतं, पण रोज भरपूर पिणाऱ्याने हे घरी एकट्याने करू नये. सकाळी उठल्यावर प्यायल्याशिवाय हातांची थरथर थांबत नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दारू अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं.

दारू मेंदूचा ब्रेक दाबून धरते. वर्षानुवर्षं ब्रेक दाबलेला असल्यामुळे मेंदू आपलं काम चालू ठेवायला ॲक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो. एका दिवसात दारू काढून घेतली की ब्रेक सुटतो आणि ॲक्सिलरेटर मात्र तसाच राहतो. शेवटच्या पेयानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. फिट यायचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना ताप येतो, भास होतात, आपण कुठे आहोत याचं भान राहत नाही. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि तिचे उपचार रुग्णालयातच होतात. तिसऱ्या दिवशी माणूस भिंतीवरचे किडे झटकायला लागला, तर त्याला समजावत बसू नका. गाडी बोलवा.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम अशा झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांची सवय लागली असेल तर तिथेही हाच ब्रेक असतो आणि हाच धोका. या गोळ्यांचा डोस काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत हळूहळू उतरवतात. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांचं गणित वेगळं. ८ ते २४ तासांत नाक गळणं, अंगदुखी, उलट्या-जुलाब सुरू होतात. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट, आणि आठवडा-दहा दिवसांत बराचसा त्रास ओसरतो. हा त्रास सहसा जीव घेत नाही, पण उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जातात. ओआरएस घोट घोट, दर काही मिनिटांनी द्यावं. एकदम पेलाभर पाजलं तर ते उलटून पडतं. आठ तास लघवीच झाली नाही, तर सलाइनची गरज आहे असं समजून दवाखाना गाठावा.

बी-१ आणि पहिलं ताट

सोडल्यानंतरच्या काळात दारू पिणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते थायमिनकडे, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाकडे. शरीरात त्याचा साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतो आणि पुरवठा थांबला तर तो काही आठवड्यांत संपतो. दारूच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि जेवण सुटतं. वर दारूमुळे आतडं थायमिन नीट शोषत नाही आणि खराब झालेलं यकृत ते साठवू शकत नाही. थायमिनशिवाय मेंदूला साखर वापरता येत नाही.

साठा संपला की डोळे थरथरतात किंवा एकाचे दोन दिसतात, चाल बिघडते आणि माणूस गोंधळल्यासारखा वागतो. याला वेर्निके म्हणतात. तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्या जणांत दिसतात, एखादंच असतं. आणि इथेच घरच्यांची फसगत होते. दारू सोडून चार दिवस झालेला माणूस झोकांड्या खातो, काहीतरी असंबद्ध बोलतो. घरात तर्क होतो की हा चोरून पितोय. मग भांडण, तोंडाचा वास घेणं, कपाट उपसणं. तोवर जे तास गेले ते परत मिळत नाहीत, कारण वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर कायमची स्मृती जाऊ शकते. वास येत नाही आणि तोल जातोय, तर तो थेट रुग्णालयात नेण्याचा प्रकार आहे.

अशा वेळी गोळी पुरत नाही. आतडं ती पुरेशी शोषत नाही, म्हणून थायमिन शिरेतून किंवा स्नायूत देतात. ग्लुकोजचं सलाइन लावायचं असेल तर थायमिन त्याआधी किंवा त्याच्यासोबत द्यायचं असतं. नाहीतर उरलासुरला साठाही ती साखर जाळण्यात खर्च होतो. दाखल करताना "हे रोज पीत होते, बरेच दिवस नीट जेवलेले नाहीत" एवढं वाक्य स्पष्ट सांगितलं की पुढचं काम सोपं होतं. लाजेखातर हे लपवू नये. पुढे काही महिने गोळ्या चालू राहतात. १०० मिलिग्रॅमची गोळी नेहमी लिहून दिली जाते, पण दिवसाला किती हे डॉक्टर ठरवतील. त्यांना रक्तातलं मॅग्नेशियमही तपासायला सांगा. ते कमी असेल तर थायमिन देऊनही पुरता उपयोग होत नाही.

दुसरा धोका ऐकायला विचित्र वाटतो: एकदम भरपूर खाण्याचा. दहा-बारा दिवस जवळजवळ उपाशी काढलेल्या, अगदी खंगलेल्या माणसाला प्रेमाने पोटभर जेवू घातलं तर त्याचं शरीर ते पेलत नाही. अन्न, विशेषतः गोड आणि पिष्टमय, आत गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये खेचलं जातं. रक्तात त्यांची पातळी कोसळते. मग पायांवर सूज, धाप, स्नायूंत कमालीचा अशक्तपणा, हृदयाचे ठोके चुकणं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, छळछावण्यांतून आणि युद्धकैद्यांच्या छावण्यांतून सुटलेली माणसं पोटभर अन्न मिळाल्यावर दगावली, तेव्हापासून डॉक्टर या प्रकाराला फार जपतात. दारूचं व्यसन आणि पाच-सहा दिवस जवळपास उपास, एवढ्यानेही धोका वाढतो. अशा वेळी पहिले चार-पाच दिवस नेहमीच्या अर्ध्याहून कमी अन्न, दिवसातून पाच-सहा वेळा विभागून द्यावं आणि रक्ताच्या तपासण्या होत राहाव्यात.

हा टप्पा पार पडला की मात्र हात आखडू नये. दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जायला हवं आणि त्यात प्रथिनं असायला हवीत: अंडी, डाळी, दूध, मासे, शेंगदाणे, जे पचेल ते. यकृत खराब असेल तर प्रथिनं बंद करा, हा सल्ला जुना झाला. सिरॉसिस (यकृत निबर होऊन आकसणं) असलेल्यालाही आता वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सुचवतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ७२ ते ९० ग्रॅम. अशा माणसाने झोपण्यापूर्वी थोडं खाणं फार उपयोगाचं. निरोगी यकृत रात्रभराची साखर साठवून ठेवतं. आकसलेल्या यकृताला ते जमत नाही, मग पहाटे शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर करतं.

गोडाची ओढ बहुतेकांना लागते. पहिल्या काही आठवड्यांत तिच्यामागे काठी घेऊन लागू नये, सगळंच एका वेळी सुटत नाही. फक्त स्वादुपिंडाला आधी सूज येऊन गेली असेल किंवा मधुमेह असेल तर साखर मोजावी लागेल. संध्याकाळच्या तलफेसाठी एक जुनी तपासणी उपयोगी पडते: आपण भुकेले आहोत का, चिडलेले, एकटे की थकलेले? यातला पहिला प्रश्न तपासणं सर्वांत सोपं. दुपारी बाराला जेवलेला माणूस सहा वाजता अस्वस्थ होतो, हात थोडे कापतात, चित्त लागत नाही. आधी एक केळं आणि मूठभर दाणे खाऊन, पाणी पिऊन वीस मिनिटं थांबून बघावं. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

झोप

झोप सगळ्यांत उशिरा परत येते. दारूने पटकन डोळा लागतो, पण रात्रीचा दुसरा अर्धा भाग मोडतो आणि स्वप्नांची झोप दबते. दारू थांबली की मेंदू ही थकबाकी वसूल करतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत स्वप्नं फार, ठसठशीत आणि भीतीदायक पडतात. त्यातलं एक ठरलेलं: आपण पुन्हा घेतली. माणूस घामाघूम होऊन उठतो आणि दिवसभर अपराधी वाटून घेतो. स्वप्नात घेतलेली मोजायची नसते.

तुटक झोप काही महिने चालू शकते. कोकेन किंवा मेथ (मेथॅम्फेटामिन) या उत्तेजक नशा सोडणाऱ्यांचं पहिले काही दिवस उलटं होतं, ते अर्धा दिवस आणि रात्रभर झोपतात. त्यांना झोपू द्यावं, फक्त पाणी आणि खाण्यासाठी उठवावं. बाकीच्यांनी एक गोष्ट पक्की धरावी: उठण्याची वेळ. रात्री कितीही वाजता झोप लागली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. अंथरुणात वीस मिनिटं नुसतं तळमळत गेली तर उठून मंद उजेडात बसावं आणि पेंग आली की परत जावं. दिवसाची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आणि दुपारी तीनच्या आधी. दुपारनंतर चहा-कॉफी नको. मेडिकलच्या दुकानातून स्वतःहून झोपेची गोळी आणू नये, बहुतेक जुन्या व्यसनाचीच ती चुलतबहीण निघते. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर ते डॉक्टरांना सांगावं. तो वेगळा आजार आहे आणि त्यावर इलाज आहे.

रिपोर्ट कसा वाचायचा

यकृत माफ करणारा अवयव आहे, एका मर्यादेपर्यंत. फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, दारू पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत, साधारण महिना-दीड महिन्यात, बऱ्याच जणांचं सुधारतं. सिरॉसिस झालेलं यकृत पूर्वीसारखं होत नाही, पण दारू थांबवल्याने माणूस कितीतरी जास्त जगतो. सिरॉसिसवाल्याने बरं वाटत असलं तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते, कर्करोगाची गाठ लहान असताना सापडावी म्हणून.

एका रिपोर्टवरून घरात संशय नको. यकृताच्या रक्ततपासणीतला जीजीटी नावाचा आकडा दारूने वाढतो, आणि सोडल्यावर तो निम्म्यावर यायलाच दोन-तीन आठवडे लागतात. लाल पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही तर तीन-चार महिने वर राहू शकतो, कारण लाल पेशी १२० दिवस जगते आणि दारूच्या काळात तयार झालेल्या पेशी तोवर रक्तात फिरत असतात. महिनाभर एक थेंब न घेतलेल्या माणसाचा एमसीव्ही वाढलेला दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच.

रक्तदाब बहुधा लवकर उतरतो. आधीपासून गोळी चालू असेल तर उठून उभं राहताना चक्कर येते. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नये. आठवडाभराची मोजणी लिहून डॉक्टरांना दाखवावी.

सुईने नशा केली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या कराव्याच. हिपॅटायटिस सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांत पूर्ण बरा होतो. मात्र त्याची अँटिबॉडी तपासणी बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येते. विषाणू आज शरीरात आहे का, हे आरएनए तपासणी सांगते. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिने अशा तीन डोसांत मिळते. सुई वापरलेल्या माणसाला कारण न कळणारा ताप आला तर तो साधा ताप समजून अंगावर काढू नये, हृदयाच्या झडपेला संसर्ग झालेला असू शकतो.

स्त्रियांसाठी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. अफूजन्य पदार्थांनी बंद झालेली पाळी सोडल्यावर परत येते, पण बीज त्या पहिल्या पाळीच्या आधीच सुटतं. पाळी नाही म्हणजे गर्भ राहणार नाही, हा हिशेब चुकतो.

तोंड, पाय, चालणं

लाळ कमी झाली की दात किडतात, आणि बऱ्याच नशा लाळ आटवतात. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी अफूजन्य व्यसनाच्या उपचारासाठी उत्तम आहे, पण ती आम्लधर्मी असते आणि दात किडल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये तसा इशारा दिला. गोळी बंद करू नका, क्रम पाळा. गोळी पूर्ण विरघळू द्या. मग मोठा घोट पाणी घेऊन दात-हिरड्यांवरून हळूच फिरवा आणि गिळा. त्यानंतर किमान एक तास ब्रश नको, कारण आम्लाने मऊ झालेलं दाताचं आवरण ब्रशने खरवडलं जातं. उलटी झाल्यावरही ब्रशची घाई न करता आधी साध्या पाण्याने चुळा भरा.

अफूजन्य व्यसनावर मेथाडोन किंवा तत्सम औषध चालू असेल तर बद्धकोष्ठ राहतो आणि तो सवयीने जात नाही. नुसता इसबगोल वाढवला आणि पाणी वाढवलं नाही तर आत बूच बसतं. डॉक्टरांकडून रोजचं रेचक मागून घ्या, त्यात संकोच कसला.

दारूने तळपायांच्या नसा बधिर झाल्या असतील तर रोज रात्री दिव्याखाली तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. टाचेत घुसलेला काटा कळत नाही, जखम चिघळल्यावर कळते. अंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने तपासावं.

व्यायामाबद्दल फार लिहायला नको. दिवसाला दहा मिनिटं चालणं, दर आठवड्याला थोडं वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत. कोकेन किंवा मेथ घेतलेल्यांनी जोरदार व्यायामाआधी ईसीजी काढावा. पहिल्याच महिन्यात जिमची वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांचा उत्साह समजू शकतो, पण दारूने मांड्या-खांद्यांचे स्नायू झिजलेले असतात आणि भरून यायला कित्येक महिने घेतात.

सिगारेट "नंतर बघू"

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेची सुरुवात १९३५ मध्ये करणाऱ्या दोघांपैकी बिल विल्सन यांनी दारू सोडली ती कायमची. १९७१ मध्ये ते गेले ते फुप्फुसांच्या आजाराने, आयुष्यभराच्या धूम्रपानातून आलेल्या. अमेरिकेत दारूच्या उपचारासाठी दाखल झालेल्या ८४५ जणांचा माग काढणारा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून थोडे जास्त तंबाखूशी संबंधित होते, दारूशी संबंधित एक तृतीयांशाच्या आसपास. "दोन्ही एकदम सोडलं तर दारू परत सुरू होईल" ही भीती सर्रास दाखवली जाते, पण बहुतेक अभ्यासांत तिला आधार सापडत नाही.

सिगारेट सोडताना एक बारकावा. धुरातली डांबरी द्रव्यं यकृताचं एक विकर (एन्झाइम) जोमात ठेवतात आणि ते विकर कॅफिन, क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधं, आणि थिओफिलिन हे दम्याचं औषध जाळतं. सिगारेट थांबली की तोच डोस रक्तात जास्त चढतो. नेहमीच्या तीन कप कॉफीने हात कापायला लागतात आणि माणूस म्हणतो, निकोटिन मागतंय. कॉफी निम्मी करून बघा. आणि यातलं एखादं औषध चालू असेल तर सोडण्याआधीच डॉक्टरांना तारीख सांगा.

इतर औषधं आणि पुन्हा घेतली तर

डायसल्फिराम ही दारूपासून दूर ठेवण्यासाठी दिलेली गोळी चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं असं घडतं, आणि गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे खोकल्याचं औषध, माउथवॉश, टॉनिक यांच्या लेबलवर अल्कोहोल आहे का ते वाचावं. नालट्रेक्सोन हे व्यसनावरचं औषध अफूजन्य पदार्थांचा परिणाम अडवतं, त्यामुळे ते घेणाऱ्याला अफूजन्य वेदनाशामक लागूच पडत नाही. अपघातात हे डॉक्टरांना माहीत हवं, म्हणून खिशात चिठ्ठी ठेवा. पॅरासिटामॉल चालतं, पण यकृत खराब असेल किंवा नुकतीच दारू सुटली असेल तर दिवसाला २ ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, आणि सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही त्यातच मोजायचं. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना व्यसनाचा इतिहास आधी सांगा. दुखणं सोसायचं, असा त्याचा अर्थ होत नाही. औषध कुठलं, किती दिवस आणि कुणाच्या ताब्यात राहील, हे आधी ठरतं इतकंच.

पुन्हा घेतली गेली, तर शरीराच्या बाजूने दोन गोष्टी तातडीच्या. अफूजन्य पदार्थ असेल तर जुनी मात्रा आता पेलणार नाही. काही आठवडे बंद राहिल्यावर सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वी रोज पचणारा डोस श्वास थांबवतो. व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून किंवा नालट्रेक्सोनवरून बाहेर आलेल्यांचे सर्वाधिक मृत्यू याच चुकीने होतात. घरात नालॉक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थांवरचा उतारा, असावं आणि ते कसं द्यायचं हे घरच्यांना आधीच शिकवलेलं असावं. श्वास मंद, ओठ निळे, हाक मारून हलत नाही, तर नालॉक्सोन द्या, रुग्णवाहिका बोलवा, कुशीवर वळवा आणि जवळून हलू नका. नालॉक्सोनचा असर अर्ध्या-दीड तासात उतरतो आणि श्वास पुन्हा बंद पडू शकतो. दारू असेल आणि पिणं काही दिवस चाललं असेल, तर पुन्हा एका झटक्यात थांबवायला जाऊ नका. दर वेळचा विथड्रॉवल, म्हणजे सोडतानाचा त्रास, आधीच्यापेक्षा तीव्र होत जाऊ शकतो. मागच्या वेळी घरी फक्त थरथर झाली होती, म्हणून या वेळी फिट येणार नाही असं नाही.